ठशांत कुठलं आलंय गणित?

प्रश्न: मुलीला दहावीच्या गणितात 100 पैकी 86 मिळाले. अकरावीच्या प्रवेशाआधी तिला एका करिअर काउन्सेलरकडे नेलं. त्यांनी दहाही बोटांचे ठसे वगैरे घेतले, चाळीस पानी रिपोर्ट दिला. ‘तार्किक-गणिती बुद्धी 8 टक्के, आर्ट्सला घाला’ असं निघालं. आम्ही मन मोठं करून मान्य केलं. पण तेव्हापासून ती रात्र रात्र जागी असते. विचारलं की ‘माझ्यात नाहीच ते’ म्हणते. तिनं आर्ट्स आनंदानं स्वीकारावं म्हणून काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, ठशांचं तुम्ही जाता जाता सांगून टाकलंत, आणि सगळं दुखणं तिथंच आहे. बोटांच्या ठशांवरून बुद्धी मोजण्याच्या या प्रकाराला डीएमआयटी (डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट) म्हणतात. त्याला शास्त्रीय आधार नाही, हे इंडियन सायकियाट्रिक सोसायटी या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं जाहीरपणे सांगितलेलं आहे. ही चाचणी विकणारे लोक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचं नाव पुढे करतात. पण बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते, या त्यांनी 1983 मध्ये मांडलेल्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धान्ताचा ठशांशी काही संबंध नाही.

आता मुलीच्या जागी बसून बघा. मार्क कमी पडले असते तर पोर दोन दिवस रडली असती आणि पुन्हा गणितं सोडवायला बसली असती. बोटांवरची नक्षी मात्र आईच्या पोटातच तयार होते आणि जन्मभर तशीच राहते. म्हणजे तिनं काय ऐकलं? तू जन्मतःच अशी आहेस, कितीही घासलीस तरी फरक पडणार नाही. सोळाव्या वर्षी, तेही आईवडिलांसमोर. झोप उडणार नाही तर काय! आणि तुम्ही म्हणे मन मोठं केलंत. 86 मार्क डोळ्यांसमोर होते हो तुमच्या.

खऱ्या कलचाचणीत मूल स्वतः पेपर सोडवतं, अभिक्षमता (काय जमू शकेल) आणि आवड वेगवेगळी तपासतात, मग समुपदेशक मुलाशी बोलत बसतो. तुमच्या लेकीशी कोण काय बोललं, हे पत्रात कुठंच नाही.

तेव्हा आर्ट्स-सायन्सचा विषय आत्ता काढूच नका. आज जेवणं झाली की तिच्याजवळ बसा आणि स्पष्ट म्हणा, ‘तो रिपोर्ट खोटा आहे. आम्ही पैसे देऊन फसलो. तुझ्यात काही कमी नाही.’ हे तिच्या बाबांनीही तोंडानं म्हणायचं, नुसती मान हलवून चालणार नाही. पंधरा दिवसांत झोप ठिकाणावर आली नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली, तर मात्र एक दिवसही थांबू नका. त्याच क्षणी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. मोफत आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.