कोलियसवर खरंच काही शास्त्रीय संशोधन झालंय का, की ते नुसतं शोभेचं झाड?

तुमचे प्रश्न दोन आहेत. एक, रंगीत पानांच्या कोलियसवर रसायनशास्त्र आणि शरीरक्रियेच्या अंगानं गंभीर काम झालंय का? दोन, फोर्सकोलिन नावाचं औषधी द्रव्य याच पानांतून काढतात का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण तिथे बरेच जण फसतात: नाही. फोर्सकोलिन मिळतं ते कोलियसच्याच एका वेगळ्या जातीच्या मुळांतून. जुन्या संशोधनलेखांत ती कोलियस फोर्सकोली या नावानं येते, आता तिला कोलियस बार्बेटस म्हणतात. तिची पानं साधी हिरवी असतात. कुंडीतल्या लाल-जांभळ्या पानांचा काढा करून पिणाऱ्यांना मी एवढंच सांगते की झाड चुकलंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मोठं आहे. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होते तेव्हा कोलियस हे आमच्या प्रयोगशाळेतलं सर्वांत दुर्लक्षित झाड होतं. हाताळायला लागल्यावर कळलं की शास्त्रज्ञांना ते का आवडतं. खोड चौकोनी, आणि प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पानं. दोन्ही एकाच वयाची, जवळपास एकाच आकाराची. एका पानावर प्रयोग करायचा, समोरचं पान तसंच ठेवायचं. तुलनेसाठी दुसरं झाड शोधायलाच नको. त्यात कलमं इतकी सहज लागतात की एकाच झाडापासून हुबेहूब सारखी पन्नास रोपं करता येतात.

पान गळतं कसं, हे समजून घ्यायला या जोडीचा फार उपयोग झाला. पानाचा पसरट भाग कापून नुसता देठ ठेवला, तर काही दिवसांत तो देठ बुंध्याशी सुटून पडतो. म्हणजे पसरट भागातून असं काहीतरी खाली येत असतं, जे देठाला धरून ठेवतं. १९३०च्या दशकात जर्मनीत लायबाख यांनी कापलेल्या देठांवर ऑर्किडचे परागपुंज ठेवले, तर देठ उशिरा गळाले. त्या परागांत ऑक्सिन हे संप्रेरक भरपूर असतं. हा प्रयोग मी लॅनोलिनच्या (लोकरीतून मिळणाऱ्या मेणचट पदार्थाच्या) मलमात ऑक्सिन मिसळून केला होता, आणि उत्साहाच्या भरात जोडीतल्या दोन्ही देठांना तेच मलम फासलं. दोन्ही देठ मस्त टिकले, पण तुलनेला काहीच उरलं नाही. सरांनी वहीत फक्त प्रश्नचिन्ह काढलं. दुसऱ्या खेपेला समोरच्या देठाला नुसतं लॅनोलिन लावलं, आणि तो आठवड्याभरात गळाला.

पण प्रिन्स्टन विद्यापीठात विल्यम जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातला जो पुढचा पदर उलगडला तो मला जास्त आवडतो. त्यांचा १९५३चा एक अभ्यास दाखवतो की आजूबाजूला निरोगी पानं असली, तर कापलेला देठ लवकर गळतो. ती पानं काढून टाकली तर तोच देठ जास्त दिवस तगतो. म्हणजे पान गळणं हा एकट्या देठाचा मामला नाही, शेजाऱ्यांचाही त्यात हात आहे. आज याचा अर्थ असा लावतात की देठाच्या बुंध्याशी पेशींचा एक पातळ थर असतो आणि पसरट भागातून येणारं ऑक्सिन तो थर शांत ठेवतं. हा ओघ आटला की तो थर इथिलीन वायूला प्रतिसाद देऊ लागतो, पेशींना जोडणारी खळ विरघळते आणि देठ सुटतो.

याच जेकब्स यांनी १९५२मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. कोलियसच्या खोडातली जलवाहिनी कापली तर झाड जखमेला वळसा घालून नवी जलवाहिनी बांधतं. आसपासच्या मऊ पेशीच रूप बदलून नळीचा भाग होतात. जखमेच्या वरची पानं काढली की ही दुरुस्ती मंदावते, आणि पानांच्या जागी ऑक्सिन दिलं की पुन्हा जोर धरते. पाण्याची नळी कुठे घालायची याचा हुकूम पानाकडून येतो, असं साध्या शब्दांत म्हणता येईल. पुढे रोनी अलोनी यांनी दाखवलं की ऑक्सिन कमी असेल तर रसवाहिनी (साखर वाहणारी नळी) बनते, जास्त असेल तर जलवाहिनीही बनू लागते.

आता रंगीत पानांकडे. लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, हिरवा अर्थातच हरितद्रव्याचा. ज्या पांढऱ्या किंवा फिकट भागांत हरितद्रव्यच नाही, ते साखर बनवू शकत नाहीत. मग ते जगतात कशावर? कोलियस आपली साखर पानाबाहेर पाठवतं तीच मुळी वेगळ्या रूपात. बहुतेक झाडं सुक्रोज पाठवतात. कोलियसमध्ये सुक्रोज पेशींमधल्या सूक्ष्म वाटांनी शिरांजवळच्या खास पेशींत शिरतं आणि तिथे त्याच्यापासून रॅफिनोज आणि स्टॅकिओज या मोठ्या साखरा बनतात. हे रेणू आकारानं मोठे, त्यामुळे आल्या वाटेनं परत जाता येत नाही. पुढे शिरेतच जावं लागतं. रॉबर्ट टर्जन आणि एस्थर गोवन यांनी १९९०मध्ये पेशीच्या आवरणावरचे साखरवाहक रसायनानं बंद पाडले, तरी कोलियसच्या शिरांत साखर भरली जातच राहिली. म्हणजे वाट खरोखरच आतून आहे. त्याच वर्षी मोनिका मॅडोर यांनी पानाचे पांढरे आणि हिरवे भाग वेगळे करून तपासले. स्टॅकिओज दोन्हींत सापडलं, पण ते बनवायला लागणारं गॅलॅक्टिनॉल सिंथेज हे विकर (एन्झाइम) पांढऱ्या भागात सापडलंच नाही. साखर शेजारच्या हिरव्या भागातून आली असावी, हाच त्याचा सरळ अर्थ. एकाच पानात कमावता आणि खाता भाग शेजारी शेजारी. असा नमुना दुसरीकडे शोधायला गेलं तर दमछाक होते.

जाता जाता एक गंमत. कोलियसची पानं दिवसा पसरतात आणि रात्री खाली झुकतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस रूथ हलाबन यांनी एका संकरित कोलियसवर दाखवलं की सतत अंधारातही हा ताल चालू राहतो. निळ्या उजेडात तो लांबतो, लाल उजेडात आखूड होतो.

रसायनशास्त्रात रंगीत कोलियसचं नाव झालं ते रोझमॅरिनिक आम्लामुळे. तुळशीच्या कुळातल्या पुष्कळ झाडांत ते असतं आणि पहिल्यांदा ते रोझमेरीतून वेगळं काढलं १९५८मध्ये. पण ते झाडात बनतं कसं, याचा बराचसा उलगडा कोलियसच्या पेशींतून झाला. या पेशी द्रावणात तरंगत्या वाढवल्या तर कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास रोझमॅरिनिक आम्ल साठवतात. द्रावणात साखर वाढवली की हे प्रमाण आणखी चढतं. जर्मनीत माइके पीटरसन आणि सहकाऱ्यांनी फेनिलअॅलनिन आणि टायरोसिन या दोन अमिनो आम्लांपासून निघणारे दोन रस्ते कुठे एकत्र येतात ते टप्प्याटप्प्यानं दाखवलं. दोन्ही भाग जोडणाऱ्या विकराचा जनुक २००६मध्ये कोलियसमधूनच वेगळा केला गेला.

फोर्सकोलिनची गोष्ट भारतात सुरू होते. १९७०च्या दशकात रक्तदाब उतरवणारी द्रव्यं शोधताना मुंबईतल्या हेक्स्ट या औषध कंपनीच्या संशोधन केंद्राला आणि लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेला त्या दुसऱ्या कोलियसच्या मुळांत एक डायटर्पिन (वनस्पतींत बनणाऱ्या संयुगांचा एक प्रकार) मिळालं. लखनौकरांनी त्याला कोलिओनॉल म्हटलं. पुढे दोन्ही एकच असल्याचं ठरलं. १९८१मध्ये अमेरिकेत सीमन, पॅजेट आणि डेली यांनी दाखवलं की ते अॅडेनिलेट सायक्लेज हे विकर थेट चालू करतं आणि पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो. संप्रेरकांचा निरोप पेशीच्या आत कसा पोचतो हे शिकणाऱ्या प्रयोगशाळांना ही आयती किल्लीच मिळाली. १९९७च्या स्फटिकरचनेत दिसलं की ते विकराच्या दोन भागांमधल्या खाचेत बसून त्यांना एकत्र धरतं. त्याच्यापासून केलेलं पाण्यात विरघळणारं औषध जपानमध्ये हृदयविकारासाठी वापरलं गेलं. मुळाच्या सालीतल्या काही पेशींत तेलाचे थेंब असतात आणि फोर्सकोलिन त्यांत साठतं, हे डेन्मार्कच्या गटानं दाखवलं. २०१७मध्ये तर ते यीस्टकडूनही बनवून घेतलं. वजन कमी करण्याच्या गोळ्यांच्या जाहिराती मात्र पुराव्याच्या खूप पुढे धावतात. रक्तदाबाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या गोळ्यांना हात लावू नका.

तुम्हाला मूळ लेख शोधायचे असतील तर नावांचा घोळ लक्षात ठेवा. रंगीत कोलियस जुन्या लेखांत कोलियस ब्लुमेई, मग सोलेनोस्टेमॉन, मग प्लेक्ट्रॅन्थस, आणि २०१९पासून पुन्हा कोलियस, आता कोलियस स्क्युटेलॅरिऑइडीज. एकाच नावानं शोधलंत तर निम्मं काम हाती लागणार नाही.

आणि कुंडी घरात आहेच, तर देठाचा प्रयोग करून बघा. मधल्या एखाद्या पेरावरची एकसारखी जोडी निवडा, एका पानाचा पसरट भाग ब्लेडनं कापा, देठ ठेवा, समोरचं पान तसंच राहू द्या. रोज एकाच वेळी दोन्ही देठांना अगदी हलकी टिचकी मारा. गळायला आलेला देठ तेवढ्यानंच पडतो. पडला की तारीख लिहून ठेवा, आणि पुढच्या खेपेला वरची सगळी पानं काढून तोच प्रयोग पुन्हा करा.