चिपळूणहून न्यू जर्सी : घर घेण्याआधीची तपासणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : कंपनी न्यू जर्सीला पाठवतेय, मुलीची शाळा सप्टेंबरात सुरू होईल, त्याआधी स्वतःचं घर हवंय आणि एजंट म्हणतो की ऑफरमधली तपासणीची अट (तपासणीत मोठा दोष निघाला तर माघार घेता येईल, अशी) काढून टाकलीत तर ऑफर लगेच मान्य होईल. काढावी का? नका काढू. व्हिसा, कर्ज, कर यांची माहिती सरकारी साइटवर आहे, ती इथे लिहीत नाही.

चिपळूणच्या माणसाला पुराचं पाणी समजावून सांगायला नको. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली, आणि त्याच वर्षी 1 सप्टेंबरला आयडा वादळाच्या पावसाने न्यू जर्सीतलं रॅरिटन नदीकाठचं मॅनव्हिल गाव बुडालं. म्हणून घर बघायला जाण्याआधी फेमाचा, म्हणजे तिथल्या सरकारी आपत्ती-व्यवस्थापन संस्थेचा, पूरनकाशा उघडा. मार्च 2024 पासून विकणाऱ्याने पुराचा इतिहास लेखी सांगणं न्यू जर्सीत बंधनकारक आहे, तो कागद मागा. साध्या घरविम्यात पूर येत नाही, त्याचा विमा वेगळा काढावा लागतो.

आपण जोतं उचलून घर बांधतो, तिथे जमिनीत उतरून तळघर काढतात. सगळी भानगड तिथेच. तळघरात गेलात की आधी वास घ्या. भिंतीच्या पायथ्याला पांढरा लोणा फुटलाय का, लोखंडी खांबांचे तळ गंजलेत का, फक्त खालच्या दोन-तीन फुटांवरच ताजा रंग मारलाय का, हे बघा. ओतीव काँक्रीटमधली केसासारखी उभी चीर सहसा काँक्रीट आकसल्याने पडते, तिला घाबरू नका. ब्लॉकच्या भिंतीत आडवी चीर आणि भिंत आत फुगलेली असेल, तर बाहेरची माती ढकलतेय. अशा वेळी घर तपासणाऱ्या इन्स्पेक्टरचं मत पुरत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. सम्प पंपाच्या (तळघरात साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या) खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो सुरू होतो का बघा, आणि बॅटरीची सोय विचारा, कारण वादळात आधी वीज जाते. मग बाहेर या. पन्हळीचं पाणी पायापासून लांब सोडलंय का? जमिनीला पहिल्या दहा फुटांत सहा इंच तरी बाहेरचा उतार हवा. तळघरातली ओल बऱ्याचदा एवढ्यानेच थांबते. वॉटरप्रूफिंगवाला मात्र हजारो डॉलरचं काम सांगतो.

आपल्याला पाऊस कळतो, बर्फ कळत नाही. माळ्यावर इन्सुलेशन कमी असलं की घरातल्या उबेने छपरावरचा बर्फ वितळतो, पाणी थंडगार वळचणीला येऊन पुन्हा गोठतं, बांध तयार होतो आणि मागचं पाणी छपरावरच्या पट्ट्यांखालून (शिंगल्स) आत शिरतं. त्यामुळे इन्स्पेक्टरला माळ्यावर चढायलाच लावा. बाथरूमचा पंखा माळ्यातच हवा सोडत असेल, तर फळ्यांवर काळी बुरशी दिसते.

नेहमीच्या तपासणीत काय नसतं, हे एजंट सहसा सांगत नाही. जुनी घरं पूर्वी तेलावर गरम होत, आणि तेलाची लोखंडी टाकी अंगणात पुरलेली असे. गंजून गळलेली टाकी मिळाली तर माती साफ करण्याचा खर्च घरमालकाच्या माथी येतो आणि विमा कंपनी बहुतेकदा हात वर करते. भिंतीलगत कापलेली तांब्याची नळी किंवा बाहेर विनाकारण उभा पाइप दिसला तर संशय घ्या, पण काही दिसलं नाही तरी टाकीचा शोध वेगळे पैसे देऊन करून घ्या. घरापासून रस्त्यापर्यंतची सांडपाण्याची वाहिनीही मालकाचीच. जुनी वाहिनी मातीच्या पाइपांची असते आणि सांध्यांतून झाडांची मुळं शिरतात, म्हणून आत कॅमेरा घालून घ्या. रेडॉन या जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सारी वायूची चाचणी किमान 48 तास चालते, तिच्या बारा तास आधीपासून दारं-खिडक्या बंद ठेवायच्या. आकडा 4 पिकोक्युरी प्रति लिटर किंवा जास्त आला तर तो वायू बाहेर काढणारा पाइप-पंखा बसवायचा. याला उपाय आहे, त्यासाठी घर सोडू नका. वाळवी तिथेही आहे. विजेच्या पेटीवर ‘फेडरल पॅसिफिक’ हे कंपनीचं नाव दिसलं तर पेटी बदलण्याचा खर्च धरा, तिचे ब्रेकर वेळेवर पडत नाहीत म्हणून कुप्रसिद्ध आहेत.

करार हाती पडल्यापासून तीन कामाचे दिवस वकिलांचे, त्यात ते करार तपासतात. इन्स्पेक्टर त्याच दिवसांत ठरवा आणि एजंटने सुचवलेला घेऊ नका. तुम्ही तोवर चिपळुणातच असाल, तर त्याला व्हिडिओवर घ्या : उन्हाळ्यात तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. रिपोर्ट पन्नास पानांचा येईल. सैल नळ, करकरणारं दार सोडून द्या. छप्पर, पाया, घर गरम करणारी भट्टी, वाहिनी, टाकी एवढ्यावर बोला. दुरुस्ती करून मागू नका, किंमत कमी करून मागा. घर विकून निघालेला माणूस स्वस्तातला मिस्त्री आणतो. चढाओढ फारच असेल तर ‘किरकोळ दुरुस्त्या मागणार नाही’ एवढं लिहून द्या, तपासणीचा हक्क ठेवा.

आता सप्टेंबर. शाळेला त्या हद्दीत राहत असल्याचा पुरावा लागतो आणि भाडेकरारही चालतो. शाळेसाठी म्हणून घाईने घर घेणं निव्वळ चूक. शाळेच्या अर्जात घरची भाषा विचारतात. मराठी लिहिलंत की इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलीचीही बऱ्याचदा इंग्रजीची चाचणी घेतात, प्रसंगी वेगळ्या वर्गात बसवतात. मला याचा अजून राग येतो. तरी मराठीच लिहा, चाचणीचे गुण मागून घ्या; त्या वर्गाला पालक नकार देऊ शकतात हे कुणी आपणहून सांगत नाही.

खरं सांगायचं तर ही घाई शाळेचीही नसते. भाड्याने राहिलं की गावात सगळे ‘परत कधी येताय’ विचारतात. घर घेतलं की विचारायचे थांबतात. त्या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही, पण ते चुकवायला तीस वर्षांचं कर्ज काढू नये, एवढं नक्की कळतं. वर्षभर भाड्याने राहा, एक हिवाळा बघा. एकटं वाटतं का, हेही विचारलंत. वाटतं. तळघरात पाणी असलं की जास्त वाटतं.

शेवटच्या सह्यांच्या आदल्या दिवशी रिकाम्या घरात पुन्हा जा. सामान हलल्यावर मागची भिंत दिसते, गालिच्याखालची जमीन दिसते. सगळे नळ एकदम सोडा, भट्टी चालू करा, वॉशिंग मशीनचं एक चक्र पूर्ण होऊ द्या आणि ते चालू असताना तळघरात उभे राहा.