अण्णांचं मरण कुणाचं?

प्रश्न : माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ८१ वर्षांचे आहेत. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. मध्यंतरी आम्हाला कुणालाच न सांगता ते नोटरीकडे जाऊन कागद करून आले. बरं होण्याची आशा नसेल तर मला आयसीयूत ठेवू नका, नळ्या घालू नका, व्हेंटिलेटर लावू नका, असं त्यात लिहिलंय. साक्षीदार म्हणून भजनी मंडळातले दोन मित्र. वेळ आली तर त्यांच्या वतीने बोलणारा म्हणून माझं नाव, कारण मी जवळ राहतो. दुबईचा थोरला भाऊ फोनवर भडकला, “उद्या लोक म्हणतील, पोरांना बाप जड झाला.” बहीण म्हणते, आम्हाला विचारायला तरी हवं होतं. अण्णा म्हणतात, “माझा देह, माझं मरण.” माणसाचं मरण खरंच त्याच्या एकट्याचं असतं का? मुलांचा त्यावर काहीच हक्क नाही?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भावाच्या भडकण्यापेक्षा मला बहिणीचं बोलणं जास्त महत्त्वाचं वाटलं. अण्णांनी काय ठरवलं यावर तिची तक्रार नाही. ठरवताना आपल्याला जवळ घेतलं नाही, हे तिला लागलंय. तुमच्या घरातला निम्मा राग याच जातीचा दिसतो आणि तो बोलून निवळण्यासारखा आहे.

पण आधी हक्काचं बोलू. निर्णय अण्णांचाच, याबद्दल मला शंका नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि असं इच्छापत्र आधी करून ठेवायला मान्यता दिली. तेव्हा ते न्यायदंडाधिकाऱ्यांकडून साक्षांकित करून घ्यावं लागे. जानेवारी २०२३मध्ये ती अट काढून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी आणि दोन साक्षीदार पुरेसे ठरवले. अण्णांनी नेमकं तेच केलंय. भावाला हेही सांगा, की धाकटा भाऊ एका सहीने उपचार थांबवेल असं होत नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं एक मंडळ आधी मत देतं, मग दुसरं मंडळ ते तपासतं. त्या दुसऱ्या मंडळात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो. अण्णा शुद्धीवर आहेत, स्वतःचं सांगू शकतात, तोवर त्यांचा शब्द चालतो, कागद नाही. तो कागद ते हवा तेव्हा रद्दही करू शकतात. आणि जीव घेणारं इंजेक्शन मागणं म्हणजे हे नव्हे. ते आपल्याकडे आजही गुन्हाच आहे. आजार त्याच्या वाटेने निघालाय, त्याला आता अडवू नका, एवढंच अण्णा म्हणताहेत.

आता ‘शेवटपर्यंत प्रयत्न’ या शब्दांबद्दल. तुमच्या भावासारखी मायेची माणसं ते नेहमी उच्चारतात. मी आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर उपशामक उपचार, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं हलकं करणारे उपचार, करणाऱ्या डॉक्टर-नर्सबरोबर रुग्णांच्या घरी जाते. श्वासनलिकेत नळी गेली की माणसाला बोलता येत नाही. अर्धवट शुद्धीत तो ती उपसू बघतो, म्हणून कित्येकदा हात पलंगाच्या कठड्याला पट्टीने बांधावे लागतात. नातेवाईक भेटीच्या वेळेत येऊन पायाला हात लावून जातात. न्यूमोनिया, सर्पदंश, अपघात यांतून माणसं याच यंत्रांच्या जोरावर घरी परततात, म्हणून यंत्राला मी नावं ठेवणार नाही. परतीची वाट आहे का, हे मात्र विचारलंच पाहिजे. ती नसेल, तर त्या नळीने आपण माणसाचं शेवटचं बोलणं काढून घेतो.

मिरजेजवळच्या एका गावात जठराच्या कॅन्सरच्या एक आजी होत्या. खाणं थांबलं होतं. मुलगा सलाईनसाठी हटून बसलेला. आईला उपाशी मारतोय असं त्याला वाटे. आमच्या नर्सने त्याला शेजारी बसवून सांगितलं, की शरीर मिटत येतं तेव्हा भूक आधी जाते, बळेच भरवलेलं छातीत उतरतं आणि वरून दिलेलं पाणी सुजेत साचतं. मग त्याच्या हातात वाटी दिली आणि ओल्या कापसाने आईचे ओठ कसे पुसायचे ते दाखवलं. तो दिवसभर तेच करत होता. आजींनी चमचाभर चहा मागून घेतला. पाटल्या कोणत्या नातीला द्यायच्या ते सांगितलं. धाकट्या जावेशी कित्येक वर्षांचा अबोला होता, तिला बोलावून घेतलं. दुखणं मॉर्फिनच्या गोळ्यांनी आवरलेलं होतं. त्या मुलाने प्रयत्न सोडले असं म्हणायची माझी तयारी नाही.

बृहदारण्यक उपनिषदात घर सोडून निघालेला याज्ञवल्क्य ऋषी आपल्या बायकोला, मैत्रेयीला, सांगतो : नवरा नवऱ्यासाठी प्रिय नसतो, आत्म्यासाठी प्रिय असतो, मुलगेही मुलांसाठी नव्हे, आत्म्यासाठीच प्रिय असतात. हे वचन वर्गात शिकवताना विद्यार्थी अस्वस्थ व्हायचे. शंकराचार्यांच्या वाटेने त्याचा अर्थ पुष्कळ खोल जातो. मला इथे साधा अर्थ पुरतो. अण्णा जगावेत असं तुमच्या भावाला वाटतं, त्यात अण्णांसाठी किती आणि स्वतःसाठी किती? लांब राहिल्याची टोचणी असेल, लोकांच्या नजरेची भीती असेल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्या भीतीची किंमत अण्णांच्या देहाने चुकवायची, हे मला मान्य नाही. ‘बाप जड झाला’ असं म्हणणारे तेराव्याला जेवून आपापल्या घरी जातील.

तरीही ‘माझा देह, माझं मरण’ हे अण्णांचं वाक्य मी पुरतं स्वीकारत नाही. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८५९मध्ये लिहिलं, की स्वतःच्या देहावर आणि मनावर माणूस सार्वभौम असतो. आपल्या आगरकरांनी याच मिलपासून बळ घेतलं. माझाही पक्ष तोच आहे. पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट उरते : तो सार्वभौम माणूस स्वतः बोलू शकत नसेल, तेव्हा त्याच्या वतीने बोलायचं कुणी? अरुणा शानबाग आठवा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ही तरुण परिचारिका २७ नोव्हेंबर १९७३च्या अमानुष हल्ल्यानंतर पुन्हा कधीच पूर्ण शुद्धीवर आली नाही. तिला जगवणारे उपचार थांबवावेत म्हणून पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०११मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली, पण कठोर अटींवर असे उपचार थांबवण्याची वाट पहिल्यांदा मोकळी केली. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, कारण इतकी वर्षं त्यांनीच तिला न्हाऊमाखू घातलं होतं, भरवलं होतं. १८ मे २०१५ला ती न्यूमोनियाने गेली, तेव्हा अंथरुणाला खिळून तिला जवळपास ४२ वर्षं झाली होती. विराणींची तळमळ आणि परिचारिकांची माया, दोन्हींपुढे मी हात जोडते. अरुणाला स्वतःला काय हवं होतं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. तसं विचारून ठेवायची पद्धतच आपल्याकडे नव्हती.

तुमचे अण्णा तर स्वतःहून सांगताहेत. तेव्हा कागदावर वाद घालण्यापेक्षा त्यांना बोलतं करा. एखाद्या रविवारी बहिणीला बोलवा, भावाला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि बारकाईने विचारा. ‘नळ्या नको’ म्हणजे काय? साधा न्यूमोनिया झाला, चार दिवसांच्या अँटिबायोटिकने बरा होण्यासारखा, तर दवाखान्यात न्यायचं का? डायलिसिस? घरीच मरायचंय की रुग्णालयातलं मरण चालेल? आणि त्यांना कशाची भीती वाटते, हेही विचारा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये हयात घालवलेला माणूस कुठलं यंत्र कशासाठी असतं ते चांगलं जाणतो, तो मोकळं उत्तर देईल. जमल्यास भावाला दुसरा प्रतिनिधी म्हणून कागदात घ्या. एकापेक्षा जास्त नावं चालतात. दुबईहून भांडणारा माणूस जबाबदारीत आला की त्याचा सूर पुष्कळदा बदलतो. नेहमीच्या डॉक्टरांकडे एक प्रत द्या. मुलांचा हक्क विचाराल तर माझ्या मते हा आहे : सगळं ऐकण्याचा, रडण्याचा, वाद घालण्याचा आणि शेवटी शब्द पाळण्याचा.

अण्णांनाही माझ्याकडून एक सांगा. मुलांना न सांगता कागद केला, तो बहुधा त्यांना त्रास नको म्हणून. पण शेवटची रात्र अण्णांपेक्षा तुम्हाला जड जाणार आहे. हा निर्णय तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलेला असला, तर त्या रात्री डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर देताना तुमचा आवाज कापणार नाही.

प्रश्न : मी नास्तिक आहे. देहदानाचा फॉर्म भरलाय, विधी करू नका असं बायकोला सांगितलंय. तिचा देवाधर्मावर विश्वास आहे. ती म्हणते, दहावा-तेरावा केल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मेल्यावर माझ्या मताला काही किंमत राहते की नाही?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : राहते, पण ती किंमत तुमच्या बायकोच्या हातात असते. देहदानाचा फॉर्म भरला तरी कळवायचं आणि देह पोचवायचं काम घरच्यांनाच करावं लागतं. त्यांनी ते केलं नाही तर फॉर्म कपाटातच राहतो. तेव्हा तिला शत्रुपक्षात बसवू नका.

एपिक्युरस हा ग्रीक तत्त्वज्ञ म्हणत असे, की आपण असतो तेव्हा मरण नसतं आणि मरण येतं तेव्हा आपण नसतो. नास्तिक माणसाने हे मनापासून मानलं, तर दहाव्याला काकस्पर्श झाला की नाही याने त्याचं काही बिघडत नाही. देहाचं काय करायचं हा निर्णय तुमचा, कारण त्यातून विद्यार्थी शिकतात. त्याबाबत ठाम राहा. दुःख कसं करायचं हा निर्णय तिचा. देह महाविद्यालयाला दिल्यानंतर ती घरी दिवा लावून, कुणाला जेवू घालून मनाला शांत करणार असेल, तर आताच तिला सांगून टाका, की त्याला माझी हरकत नाही. सहजीवनात एवढं देणं लागतोच आपण.

नेत्रदानाचंही बोलून ठेवा. साधारण सहा तासांच्या आत बुबुळं काढावी लागतात, म्हणून नेत्रपेढीचा नंबर बायकोच्या फोनमध्ये असू द्या. तोवर पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा आणि डोकं उशीवर थोडं उंच ठेवायचं. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी अडत नाही.