पहिल्या मगाला तीन आठवडे लागतात, लागू द्या

कुंभाराच्या चाकावर मातीचा मग उभा करायला मला आता दहा मिनिटं पुरतात, पण त्यातून चहा प्यायला दोन-तीन आठवडे जातात. त्यामुळे आठवडाभरात काही हाती आलं नाही म्हणून खट्टू होऊ नका. सध्या एवढंच सांभाळा:

- माती भरपूर मळा. आत हवा राहिली की भिंत डगमगते.
- गोळा मधोमध स्थिर झाल्याशिवाय अंगठा आत घालू नका. सगळे इथेच घाई करतात. महिना यातच गेला तरी चालेल.
- वाळवताना ऊन नको, पंखा नको. कड आधी आकसते, बूड ओलंच राहतं आणि तडा जातो. सैल प्लॅस्टिक पांघरून सावलीत ८-१० दिवस ठेवा. नंतर भांडं गालाला लावून पाहा, गार लागलं तर आत ओल आहे. तसंच भट्टीत गेलं तर पाण्याची वाफ होऊन भांडं फुटतं, शेजारच्या भांड्यांनाही इजा करतं.

ग्लेझचं (भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थराचं) नंतर बघू. आधी वीस वाट्या करा आणि प्रत्येक वाटी तारेने उभी कापून भिंतीची जाडी पाहा. जिवावर येईल, तरी कापाच.