"लेकरू कागद नुसतं फाडते, मॅडम!"

दसरा-दिवाळीच्या आगेमागे आयांची एक तक्रार माझ्याकडे हमखास येते. शाळेनं कागदकाम दिलं, लेकरू धड बसत नाही, शेवटी रात्री जागून आम्हीच करून देतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातली आई याच कारणानं आली होती. सोबत चार वर्षांचा मुलगा, तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये जाणारा.

"याले कात्री धरता येत नाही, चिकटवता येत नाही. नुसतं फाडते जी! शेजारचं पोरगं तर एबीसीडी लिहिते. याचा हात कमजोर असन का?"

शाळेला हवं होतं 'ऑटम लीफ', म्हणजे पानगळीतलं पान. आईनं यूट्यूब पाहून पाच टोकांचं मेपलचं पान कापायला घेतलेलं. पोरानं जन्मात न पाहिलेलं पान! आपल्याकडे साग-पळसाची पानगळ शिशिरात. अश्विनात पिवळं पडतं ते सोयाबीन.

बोलता बोलता मी मुलापुढे जुना पेपर ठेवला. त्यानं दोन्ही हातांच्या चिमटीत कड धरली, एक हात स्वतःकडे, दुसरा पुढे, आणि खालचा ओठ दातात धरून सर्रकन लांब पट्टी फाडली. मग दुसरी, पहिलीपेक्षा बारीक. आईला म्हटलं, तोंडाकडे नको, बोटांकडे पाहा. दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं करणं, हीच तर कात्रीची पूर्वतयारी. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मुलं कागदाची कड कचकच कापतात, चौथ्यात साधारण सरळ रेषेवरून, आणि वळणदार आकार पाच-सहा वर्षांशिवाय नीट जमत नाहीत. मेपलचं पान त्याला जमणार कसं? लिहिण्याची घाई तर मला मुळीच पटत नाही.

मग घरी काय करायचं? पहिलं, आपट्याचं पान. वहीचं जुनं पिवळं कव्हर दुमडायचं, घडीच्या बाजूनं अर्धं पान आईनं कापायचं. घडी मुलानं उघडायची. दोन सारखे भाग एकदम समोर आले की पोरं परत परत उघडझाप करतात. दुसरं, झेंडूचं तोरण. पतंगी कागद मुलानं फाडायचा, बोळे करायचे, गव्हाच्या पिठाच्या खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवायचे. हात बरबटतील, बरबटू द्या. तिसरं, कंदील. कागद लांबीत दुमडायचा, मोकळ्या कडेपासून दोन बोटं आत रेघ ओढायची आणि घडीकडून त्या रेघेपर्यंत मुलानं सरळ काप द्यायचे. उघडून गोल गुंडाळला की झाला. आत पणती मात्र ठेवायची नाही. कात्री बोथट टोकाची, अंगठा वरच्या बाजूला. दहा मिनिटांत कंटाळला तर उठू द्या.

हात कमजोर असल्याची शंका कधी घ्यावी, तेही सांगितलं. मूल एकच हात वापरत असेल, दुसरा आखडलेला राहत असेल, पोळीचा तुकडाही तोडता येत नसेल, किंवा आधी येणारी गोष्ट येईनाशी झाली असेल, तर वाट पाहू नये. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना सांगावं. पुढची तपासणी जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात होते. या मुलात असलं काही नव्हतं. भाकरी तोडून वरणात कुस्करून स्वतः खात होता.

"पण शाळेत कोणतं पान देऊ?" आईची खरी अडचण ही होती. म्हटलं, आपट्याचंच द्या, आणि मागे लिहा: 'घडी आणि कापणं आईचं, उघडणं मुलाचं.' तिनं तसं लिहून दिलं. बाईंनी आकार बरोबर नसल्याचा शेरा मारला, हे तिनं फोनवर जरा रागानंच सांगितलं. पण पुढं म्हणाली, "आता घरचा एक पेपर राहत नाही जी. याचे बाबा वाचाच्या आधीच हा फाडून टाकते!" त्यावर इलाज सोपा: रद्दीचा गठ्ठा वेगळा, बाबांचा पेपर वर फळीवर.