तोंड कोरडं आणि जिभेची आग : तुमचे प्रश्न

प्रश्न : तोंड कोरडं पडते म्हणूनच आग होते का?
दरवेळी नाही. लाळ आटली की बुरशी धरते, तिखट झोंबते, हे खरं. पण काहींची लाळ पुरेशी असते, जीभही स्वच्छ दिसते, तरी कोरडं वाटतं आणि जळजळतं. म्हणून आधी तपासणी.

प्रश्न : आई 56 वर्षांची. जिभेचा शेंडा सकाळी बरा असते, संध्याकाळपर्यंत आग होऊन राहिली. सगळे म्हणतात उष्णता आहे, सहा महिन्यांपासून सब्जा देतो.
सहा महिने! पाळी गेल्यावर बायांना हा त्रास बराच होतो आणि तो खरा असतो, मनाचे खेळ नाहीत. शुगर, हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉईड तपासा, आणि चालू गोळ्यांची सगळी पाकिटं डॉक्टरांना दाखवा, कारण बीपीच्या, ऍलर्जीच्या, डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड सुकतं. मनानं गोळी बंद करू नका.

प्रश्न : लिंबू चोखू का?
नाही, दात झिजतात, आग वाढते.

प्रश्न : वय 24. ठेचा खाल्ला की गाल पेटतात, तोंड सुकते. खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला) दिवसाचे दोनच, आता तंबाखू सोडून नुसती गोड सुपारी खातो.
दोनच म्हणू नका भाऊ, आणि "तंबाखू नाही" छापलेल्या पुडीवर तर मुळीच जाऊ नका, ती विकायची युक्ती आहे. तिखटानं गाल पेटणं ही गाल आतून आवळत असल्याची खूण असू शकते. गाल आवळतो तो सुपारीनंच, आणि सुपारी एकटीच कॅन्सर करू शकते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 2004 मध्येच छापलं. गुटखाबंदी 2012 ला आली, पण ठेल्यावर पन्नीत खर्रा घोटणं चालूच आहे. परवा तुमच्याच वयाचा पोरगा आला, गालात बोट फिरवलं तर आतून ताणलेल्या दोरीसारखं लागलं, पांढरं पडलेलं, आणि भाकरीचा घास तो चिमटीएवढा करून खात होता. आरशासमोर उभे राहा, आपलीच तीन बोटं उभी तोंडात जातात का पाहा. नाही गेली तर सोयाबीन निघाल्यावर जाऊ म्हणू नका, याच आठवड्यात जवळच्या डेंटिस्टकडे नाहीतर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जा. सुपारी आजच सोडा, आवळलेला गाल पूर्ण पहिल्यासारखा सहसा होत नाही, आणखी आवळणं मात्र थांबवता येतं.

प्रश्न : मेडिकलवाल्यानं गारव्याचं जेल दिलं, लावत राहू?
चार दिवस आराम वाटेल, पण आगीचं मूळ कारण तिथंच राहील. चट्टा, जखम किंवा आग दोन आठवड्यांवर टिकली तर तोंड डॉक्टरांना दाखवा, मेडिकलवाल्याला नाही.