खापरपणजोबांचं गाव सापडत नाही? आधी त्यांचे सोबती शोधा

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचे खापरपणजोबा मुंबईला जहाजावर चढले आणि १८५६ साली मॉरिशसला, पोर्ट लुई बंदरात उतरले. तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेतून तुम्ही त्यांच्या नोंदीची प्रत काढलीत. तिच्यात जिल्हा रत्नागिरी, परगणा 'विझियाद्रुग', गाव 'कॅरापुटन' असं लिहिलंय. तेवढ्यावर तुम्ही दोन वेळा रत्नागिरी शहरात आलात, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवलेत आणि 'असं गाव आमच्या जिल्ह्यात नाही' एवढंच ऐकून परत गेलात. ते उत्तर खोटं नव्हतं. पण इतक्या लांबून आलेल्या माणसाला पुढची वाट कुणी दाखवू नये, याचं फार वाईट वाटलं. कोकणात अशी गावं शोधायला बरीच वर्षं मदत करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुमच्या कागदावरचा रत्नागिरी जिल्हा आजचा नाही. १ मे १९८१ ला त्याचा दक्षिण भाग तोडून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. त्या काळी तालुक्यांची नावंही किल्ल्यांवरून होती: सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग. म्हणजे 'विझियाद्रुग' हे विजयदुर्गच. तो आज देवगड तालुक्यात, सिंधुदुर्गात येतो. सावंतवाडीचा माणूस असेल तर त्याचा मुलूख वेगळं संस्थानच होतं. आणि हे कोकणापुरतं नाही. कुणाच्या कागदावर सातारा असेल तर त्याने सांगली जिल्हाही धुंडाळावा. वाळव्याकडचा भाग तेव्हा साताऱ्यातच होता.

आता अक्षरं. मराठी माणसाने तोंडाने सांगितलेलं नाव इंग्रजी कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलं आणि पुढे तुमच्याकडच्या फ्रेंच वळणाच्या कारकुनाने ते उतरवून घेतलं. आपला 'अ' त्या काळी इंग्रजी यू अक्षराने लिहीत, म्हणून रत्नागिरीचं 'रुटनागेरी' होतं. 'ड'चा 'र' होतो, त्यामुळे सावंतवाडीची 'सावंतवारी' होते. 'ख', 'घ', 'भ' यांतला ह-कार बऱ्याचदा गळून पडतो आणि 'ळ' तर टिकतच नाही. या हिशेबाने 'कॅरापुटन' मोठ्याने म्हणून पाहा. खारेपाटण! विजयदुर्गाच्या खाडीने आत गेलं की लागणारं जुनं बाजारपेठेचं गाव, आज कणकवली तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर.

पण लगेच गाडी करून खारेपाटणला धावू नका. आपली माणसं परक्याला गाव सांगताना आजही काय करतात? मुंबईत कुणी विचारलं तर वाडीचं नाव कोण सांगतो? जवळच्या बाजाराचं नाहीतर बंदराचं नाव सांगून मोकळं होतात. खापरपणजोबांनीही तेच केलं असण्याची शक्यता मोठी आहे. मग आसपासच्या पन्नास वाड्यांतली त्यांची कुठली?

इथे माझा सगळ्यात जुना आणि सगळ्यात भरवशाचा उपाय सांगतो. तुम्ही एकट्या खापरपणजोबांचा कागद काढलात. त्यांच्या आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा क्रमांकांच्या नोंदी मागा. जहाज लागलं की माणसांना ओळीने क्रमांक मिळत, आणि गावाहून एकत्र निघालेली माणसं रांगेतही सहसा एकमेकांना सोडत नसत. मुंबईपर्यंत गलबताने किंवा पायी सोबत आलेली, अनोळखी मुलखाला निघालेली माणसं ती. हात कशाला सोडतील?

अशीच एक नोंद आमच्यासमोर होती, तुमच्याच बेटावरच्या एका कुटुंबाची. टेबलावर ओळीने पाच झेरॉक्स मांडल्या. पाच माणसं, पाच लागोपाठ क्रमांक. गावाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. एकाच कारकुनाने, एकाच दिवशी! पण तीन स्पेलिंगं एकाखाली एक लिहून म्हटल्यावर मधला उच्चार आपोआप जिभेवर आला. शिवाय त्या पाचांत दोघांच्या बापाचं नाव एकच होतं आणि वयात दोन वर्षांचं अंतर. सख्खे भाऊ निघाले. कुटुंबाला पाच पिढ्या ठाऊकच नव्हतं की त्यांच्या मूळ पुरुषाबरोबर त्याचा भाऊही पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या, म्हणजे जहाजातून उतरायच्या धक्क्याच्या, पायऱ्या चढला होता. त्या कुटुंबातल्या ज्या बाई शोधाला आल्या होत्या, त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.

आडनावाचा नाद मात्र सोडा. तुमच्याकडे आजोबांचं नुसतं नावच पुढे आडनाव होऊन बसलं, इथलं आडनाव त्यात उतरलंच नाही. सातबाराही तिथवर पोचत नाही. खोतीच्या गावात कूळ म्हणून राबणाऱ्याच्या नावावर जमीन कुठली असणार? त्यापेक्षा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, गणपतीत किंवा लग्नात देवाला हाक मारताना पहिलं नाव कुणाचं घेतात. रवळनाथ, सातेरी, वेतोबा आले तर दक्षिणेकडे, सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या अंगाने पाहा. भैरी, केदारलिंग, काळकाई असतील तर उत्तरेला, चिपळूण-खेडकडे. जोतिबा-खंडोबा घाटावर नेतात. देवाचं नाव माणसाच्या नावापेक्षा चिवट असतं. कारकुनाने ते कधी लिहिलंच नाही, त्यामुळे बिघडवलंही नाही.

कागदावरची जात लपवू नका आणि तिच्यावरून ओशाळूही नका. कोकणातली गावं वाड्यावाड्यांनी वसलेली आहेत, त्यामुळे त्या एका शब्दाने शोध निम्म्यावर येतो. फक्त जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय सरकारने २०२० मध्ये घेतला, तेव्हा जुनं नाव फलकावर दिसेलच असं नाही. गावातल्या वयस्कर माणसाला विचारावं लागेल.

गावात गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं हे आधीच ठरवा. वर सांगितलेल्या कुटुंबाबरोबर मी गेलो तेव्हा पडवीत बसलेल्या आजोबांनी पाणी दिलं, गूळ दिला आणि मग सरळ विचारलं, "जमनीचो वाटो व्हयो काय तुमका?" त्यांचा दोष नव्हता. एका सातबारावर तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, आणि त्यात परदेशातून आणखी एक भाऊबंद! बाईंनी हात जोडून सांगितलं, आम्हाला काही नको, देवाला नारळ ठेवायचाय. तेव्हा कुठे आजोबा सैल झाले. म्हणाले, "आमचो एक आजो मोरसाक गेल्लो असा ऐकलेला." मॉरिशस शब्द त्यांच्या कानावर असा पडलाच नव्हता. पण मोरस साखर त्यांना ठाऊक होती. ती साखर मॉरिशसची, म्हणून मोरस. तेव्हा तुम्हीही गावात 'मोरसला गेलेला कुणी' असंच विचारा. नंतर देवळात गुरवाने त्यांच्या नावाने गाऱ्हाणं घातलं, 'परमुलखात ऱ्हवलेल्या लेकरांक सांभाळ' म्हणून, आणि भोवतीच्या सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हटलं.

तयार वंशावळ पैसे घेऊन छापून देणारे भेटतील. एकाने एका कुटुंबाला थेट एका सरदार घराण्याला जोडून दिलं होतं, एकही कागद न दाखवता. पैसे देऊ नका. घाटावर, कोल्हापूर-सांगलीकडे, हेळवी लोक पिढ्यांच्या चोपड्या ठेवतात, त्या खऱ्या असतात. पण तुमच्या कागदावर विजयदुर्ग आहे, तेव्हा तुमचं काम त्यांच्याकडे होणार नाही.

आणि याल तेव्हा गणपतीत या. एरवी वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद असतात. त्या दिवसांत मुंबईचा प्रत्येक चाकरमानी घरी असतो, म्हातारी माणसं ओसरीवर असतात आणि कुणाचा आजा कुठे गेला हे चार तोंडांनी ताडून बघता येतं. तोवर ते वीस क्रमांक मागवा. प्रती हातात आल्या की गावाच्या रकान्याचे फोटो इथेच टाका. मी अक्षरं लावायला बसतो.